पारव्या दाराची खोली

घरात बोलायला माणूस नसलं की किस्से साचत जातात. पूर्वी दिवसभरातली गंमत मी संध्याकाळच्या चहाला बायकोला सांगायचो. आता ती नाही, मुलगी बंगळुरूला असते, आणि दिघीच्या फ्लॅटमध्ये माझ्याशिवाय फक्त फ्रीज आवाज करतो. म्हणून तुम्हाला सांगतो. घ्या ऐकून, राव.

चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला मी अठ्ठावीस वर्षं काढली. काम एकच, गाडीची शेड बरोबर आहे का ते बघायचं. रिटायर झालो आणि करमेना, म्हणून कुरुळीत कामगारांच्या पोरांसाठी रविवार सकाळचा विज्ञानाचा वर्ग सुरू केला. पहिला विषय अर्थातच रंग. दुसरं मला येतं काय?

*

पहिल्याच रविवारी फळ्यावर रंगीत खडूंनी इंद्रधनुष्य काढलं आणि सार्थक नावाच्या पोराला रंग वाचायला सांगितले. तो धडाधड म्हणाला, "तांबडा रिजेक्ट, पिवळा रिवर्क, हिरवा ओके." त्याचे वडील कंपनीत माल तपासतात. तिथल्या क्रेटचे रंग पोराला पाठ.

"आणि निळा?"

"निळ्याचं नाही माहीत, सर. पप्पांची लाइन हिरव्यापर्यंतच आहे."

माझीही लाइन तेवढीच होती.

*

वर्ग दत्तोबांच्या पडवीत भरतो. दत्तोबा गावातले जुने, शेताच्या जागी आता त्यांच्या भाड्याच्या सात खोल्या आहेत. एकदा मला म्हणाले, "मास्तर, सात दारं हायती. रंग कंचा मारू?"

मी म्हटलं, "तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत ओळीनं मारा, तानापिहिनिपाजा. पोरांचा अभ्यास होईल."

दत्तोबांनी खरंच मारले. फक्त सहाव्या दाराला अडकले. "पारवा म्हंजी कंचा, त्ये दुकानदाराला म्हाईत न्हाई. मंग म्या त्याला छपरावरचं कबुतर दावलं."

*

त्याच खोल्यांपैकी हिरव्या दारात पल्लवी राहते. चौथीत आहे, घरचे परभणीकडचे. मी सगळ्यांना इंद्रधनुष्य काढायला दिलं, तर हिच्या चित्रात सहाच पट्टे. निळ्यानंतर एकदम जांभळा.

"पल्लवी, पारवा कुठं गेला?"

"पारवा रिकामा हाय, सर. त्यांचं काँट्रॅक्ट संपलं, गावाकडं गेले."

वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण त्या खोलीतली दोन पोरं माझ्या वर्गात पुढच्या ओळीत बसायची. जाताना कुणी सांगून गेलं नाही. इथं तशी पद्धतच नाही. मी त्या दिवशी घरी आलो आणि चहा दोन कप टाकला. सवय आहे, जात नाही.

*

ट्यूबखाली एक दिसणारा रंग उन्हात वेगळा दिसतो, हे शिकवताना मी बायकोची गोष्ट सांगतो. साडी घ्यायची तर ती मला काळेवाडीच्या दुकानातून साडीसकट रस्त्यावर आणायची, उन्हात बघायला. दुकानदार मागून धावत यायचा. मी शेड बघून म्हणायचो, "ओके." ती म्हणायची, "मी काय बंपर आहे?"

पोरं हसतात. मी लगेच पुढचा धडा घेतो.

*

आता शेवटचा.

प्रिझम दाखवायचा तर अंधारी खोली हवी. सकाळी दहा वाजता कुरुळीत अंधार कुठून आणायचा? पल्लवी म्हणाली, "आमच्या खोलीत हाय की. पप्पांची कायम नाइट असते."

खिडकीला कंपनीतल्या खोक्यांचे पुठ्ठे लावलेले, कारण तिचा बाप बालाजी दिवसभर झोपतो. मी नको म्हटलं. झोपमोड झालेल्या नाइटवाल्याचे हाल मला ठाऊक आहेत. पण बापानं आपलं चित्र बघावं, हे तिचं आधीपासून चाललं होतं. तिनं ते सहा पट्ट्यांचं चित्र बापाच्या उशाशी भिंतीवर चिकटवलं होतं. "त्यांनी बघितलंच न्हाई, सर. लाइट लावता येत न्हाई. उठले की बसला पळतेत."

माझी मुलगी चौथीत असताना मीही नाइटलाच होतो. तिनं काढलेलं एकही चित्र मला आठवत नाही. मी हो म्हटलं.

बाराजणं चपला काढून आत गेलो. बालाजी भिंतीकडं तोंड करून झोपलेला. पल्लवीच्या आईनं पदर तोंडाला लावून बसायची खूण केली. मी कंपासच्या टोकानं पुठ्ठ्याला भोक पाडलं, उन्हाची काडी आत आली, आणि प्रिझम धरताच समोरच्या भिंतीवर रंग उमटले. पोरं बोटांवर मोजत होती.

पल्लवीनं माझ्या हातातून प्रिझम घेतला आणि हळूहळू फिरवला. रंग भिंतीवरून खाली उतरले आणि बालाजीच्या उशाशी येऊन थांबले.

चादरीतून एक हात बाहेर आला. पंजा उघडला, आणि रंग त्याच्यावर पडले. बालाजीनं एकेक बोट पुढं सरकवलं. मग पाठमोराच, झोपेतल्या आवाजात म्हणाला,

"ह्याच्यात सात हायत की गं. तू सहाच का काढलेस?"