चौदावी नळी

सुभेदारांच्या शेतात मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते बांधावर उभे राहून माझ्या बुटांकडं बघत होते.

"बाई, हे बूट हितं चालायचं न्हाईत," ते म्हणाले. "वरनं मीठ दिसतंय, पन खाली लगदा हाय. पाय उचलला की बूट खालीच ऱ्हाणार."

तसंच झालं. पुढची तीन वर्षं मी त्या रानात अनवाणीच फिरले.

मी इस्लामपूरची. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. आमच्या घरात सायन्सला गेलेली मी पहिलीच. गावाजवळच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर पर्यावरणशास्त्र शिकवत होते आणि सांगलीतल्या एका सरांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करत होते. विषय आमच्याच भागातला होता. नदीकाठच्या जमिनींना वर्षानुवर्षं उसासाठी पाणी पाजलं, ते खाली मुरलं आणि येताना मातीतलं मीठ वर घेऊन आलं. चांगली काळी रानं पांढरी पडली. त्यावर उपाय म्हणून जमिनीखालून भोकं पाडलेले पाइप टाकतात, म्हणजे जास्तीचं खारट पाणी वाहून ओढ्याला जातं. या पाइपांनी जमीन खरंच सुधारते का, हे मला तपासायचं होतं. त्यासाठी एका गावच्या शिवारात आम्ही ठिकठिकाणी चौदा नळ्या उभ्या पुरल्या होत्या. नळीत पाणी किती खोलीवर आहे आणि ते किती खारट आहे, हे मोजायचं. चौदावी नळी सर्वांत खालच्या अंगाला होती, ओढ्याजवळ, सुभेदारांच्या रानात.

ते फौजेतून निवृत्त होऊन आले होते. सारं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं, मी काका म्हणायची. मी महिन्यातून एकदा जाऊन सगळ्या नळ्यांची मोजणी करायची. दुसऱ्याच फेरीला ते मला म्हणाले, "महिन्यातनं एकदा बघून काय कळनार? पाणी काय महिन्याला एकदाच हलतंय व्हय?"

"रोज कोण येणार काका?"

"मी हाय की. मला दाखवा कसं करायचं ते."

मी दाखवलं. त्यांनी गवंड्याचा ओळंबा टेपला बांधला, म्हणजे तो पाण्याला टेकल्याचा आवाज नीट ऐकू यावा. खारटपणा मोजायचं जुनं मीटर मी त्यांच्याकडंच ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी ठरलेल्या वेळी ते नळीपाशी जायचे आणि दोनशे पानी वहीत आकडे लिहायचे. ताप आलेल्या दिवशीही गेले. पुतण्याच्या लग्नाला एक दिवस बाहेर होते, तर त्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "गैरहजर. नोंद नाही." अंदाजाने आकडा टाकला नव्हता. मी कॉलेजात पुष्कळ प्रयोगवह्या तपासल्या आहेत, पण असा रिकामा रकाना मला कुणाच्या वहीत सापडलेला नाही.

त्यांच्या घरी माझी ये-जा वाढली. एकदा रमजानात भर दुपारी मी मोजणी करून त्यांच्या सोप्यात टेकले, तर काकींनी चुलीवरचं आधण उतरवून ठेवलं. "तुझा रोजा हाय न्हवं? मग आमीबी च्या मागनं घिऊ," म्हणाल्या. मी नको नको म्हणत राहिले, पण मी निघेपर्यंत दोघांनी घोटभर चहा घेतला नाही.

तीन वर्षांचे आकडे जमले. काकांच्या भरलेल्या वह्या मी कॉलेजातल्या कपाटात आणून ठेवल्या. तेरा नळ्यांत पाणी खाली गेलं होतं, मीठ उतरलं होतं. चौदाव्या नळीत दोन्ही वर चढत होतं. कारण डोळ्यांनी दिसत होतं. वरच्या रानांतले पाइप जिथं सुटायचे, तो ओढा पुढं बुजला होता. कुणी भराव टाकला होता, कुणी बांध सरकवला होता. वरच्या तेरा रानांचं खारं पाणी निघत होतं आणि सुभेदारांच्या रानात येऊन मुरत होतं. त्यांची जमीन बिघडत होती म्हणून वरच्यांची सुधारत होती, असंच म्हणावं लागेल.

मी सांगलीला सरांच्या केबिनमध्ये आलेख घेऊन गेले. त्यांनी चष्मा काढून आलेख बराच वेळ पाहिला.

"ही एक रेघ सगळं बिघडवते," सर म्हणाले. "परीक्षक पहिल्यांदा हिच्यावरच बोट ठेवतील."

"ठेवू देत सर. कारण माहीत आहे आपल्याला." मी ओढ्याचं सांगितलं.

"हे तू बघितलंस. सिद्ध केलंस का? ओढ्याची मोजणी, पाण्याचे नमुने, अजून दोन पावसाळे. तुझी मुदत कधी संपते?"

"मार्चला."

"मग," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते मला वाचवत आहेत असंच त्यांना वाटत होतं, आणि तेव्हा मलाही तसंच वाटलं. "ती नळी आता काढ. तिच्यावर पुढं वेगळा पेपर करू."

मी काढली. कॉम्प्युटरवर एक रकाना निवडून पुसायला किती वेळ लागतो? नळ्या चौदा पुरल्या होत्या, तेव्हा एक का नाही हे एका वाक्यात लिहिणं भाग होतं. मी इंग्रजीत लिहिलं की स्थानिक परिस्थिती वेगळी असल्यामुळे एक ठिकाण वगळलं आहे. सरांनी ते खोडलं. परिस्थिती वेगळी म्हटलं की कशी वेगळी ते विचारतात, म्हणाले. त्यांनी लिहिलं, नोंदी अनरिलायबल असल्यामुळे एक ठिकाण वगळलं आहे. त्यावर कुणी काही विचारत नाही. मी ते वाक्य माझ्या हातानं टाइप केलं.

पेपर आमच्या दोघांच्या नावानं छापून आला. मला पदवी मिळाली, पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात कायमची नोकरी मिळाली. सुभेदारांनी गावात सांगितलं की आमच्या वहीवर बाई डॉक्टर झाल्या. वेगळा पेपर कधी झालाच नाही. सर दुसऱ्या कामात गुंतले, मी माझ्या तासांत आणि परीक्षांच्या पेपरांत अडकले. रानाकडं जाणंही कमी होत होत बंद झालं.

दोन वर्षांनी साताऱ्यात एका कॉलेजात परिषद होती. सगळ्या शास्त्रांची मिळून एकच. मला तो जुना पेपर मांडायला बोलावलं होतं. नेमका सुभेदारांचा फोन आला. हयातीच्या दाखल्यासाठी ते त्याच दिवशी साताऱ्याला येणार होते.

"तुमचं भाषन हाय म्हनं. आमाला बसू देतील का मागं?"

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत ताठ बसले. माझ्याआधी चौघं बोलले. चहाच्या पानांपासून चांदीचे अतिसूक्ष्म कण, केळीच्या सोपटाचे धागे घातलेलं काँक्रीट, मोबाइलच्या फोटोवरून पानावरचा रोग ओळखणं, धरणाच्या परिसरातले भूकंपाचे हलके धक्के. प्रत्येकाला दहा मिनिटं, मग घंटा, मग टाळ्या. चहाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले.

"बाई, ते केळीच्या सोपटाचं काँक्रीट, ते खरंच हुतंय का?"

"प्रयोगशाळेत होतं काका."

"मग त्येचं घर कुटं बांधलंय?"

"अजून नाही बांधलं कुणी."

त्यांनी मान हलवली. थट्टा करत नव्हते, त्यांना खरोखरच बघायला जायचं होतं.

मग माझी पाळी आली. पडद्यावर शिवाराचा नकाशा लागला. तेरा ठिपके. ओढ्याजवळचा कोपरा मोकळा. मी बोलत होते आणि सुभेदार बोटांवर मोजताना मला व्यासपीठावरून दिसत होते. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. माझी घंटा झाली. कुणीही प्रश्न विचारला नाही.

जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर पायऱ्यांवर बसले होते. परिषदेच्या फाइलमधला माझा पेपर त्यांनी कुणाकडून तरी मागून घेतला होता. एका ओळीवर बोट होतं.

"ह्यो शब्द मला ठावं हाय," ते म्हणाले. "अनरिलायबल. फौजेत येखाद्याच्या कागदावर ह्यो पडला की त्येला पहाऱ्याला उभा करत न्हवते."

मी शेजारी बसले.

"माझी नोंद चुकली हुती का बाई? कवा तरी?"

"नाही काका. एकदाही नाही."

"मग?"

खोटं बोलायची माझी तयारी होती. मीटर खराब होतं, असं सांगता आलं असतं. पण त्या माणसापुढं ते तोंडातून निघेना.

"तुमची नोंद बरोबर होती," मी म्हणाले. "म्हणूनच काढली."

आत जेवणाच्या रांगेत हसण्याचे आवाज येत होते. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"मागच्या उन्हाळ्यात वरल्या बाजूला आनकी पाइप टाकलं. मी त्या पाइपाच्या साहेबाला म्हनलं, आवं, खाली माझं रान बुडतंय, आदी ओढा उकरा. त्येनं एक कागद दावला. म्हनला, ह्येच्यात लिवलंय, कुनाचंबी नुकसान हुत न्हाई, डॉक्टर बाईंनी तपासलंय. मी म्हनलं, मग आसंल. बाई वळकीच्या हायत आमच्या." ते उठले. "त्यो ह्योच कागद हुता तर."

मला हे माहीत नव्हतं. माझा पेपर कुणी वाचला असेल, असंच मला कधी वाटलं नव्हतं. ते हयातीच्या दाखल्याला उशीर होतोय म्हणून निघाले. जेवून जा म्हणायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या आठवड्यात मी सरांकडं गेले. ते निवृत्त झाले होते. चूक दुरुस्त करायचं पत्र मी लिहून नेलं होतं, त्यावर त्यांची सही हवी होती. त्यांनी ते वाचून परत दिलं.

"आता हे उकरून काय मिळणार आहे? माझी चाळीस वर्षं जातील. आणि तुझी पदवी राहील असं वाटतं तुला?"

"त्यांचं रान गेलं सर."

"रान पाण्यानं गेलं. आपण पाणी सोडलं नाही."

सही न घेता मी एकटीनंच पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला लिहिलं. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं. सर्व लेखकांची संमती आणि मूळ हस्तलिखित नोंदी पाठवा, मग विचार करू. संमती मिळणार नव्हती. निदान वह्या तरी पाठवाव्यात म्हणून मी विभागातलं कपाट उघडलं, तर तिथं नव्या काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या. कॉलेजला तपासणी समिती येणार म्हणून सुट्टीत खोली आवरली होती. शिपाई म्हणाला, जुने कागद होते ते रद्दीत दिले मॅडम, तुमचंच सांगणं होतं ना, कपाट मोकळं करा म्हणून. सांगणं माझंच होतं. वह्या आत आहेत हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

हे त्यांना सांगायला मी गावी गेले तर घराला कुलूप होतं. भिंतींना कमरेइतकी ओल चढली होती आणि गिलावा मिठानं फुगून गळत होता. शेजारणीनं सांगितलं की काकींना त्या ओलीनं दमा लागला, म्हणून दोघं कोरेगावला लेकीकडं गेली. रान तसंच पडून आहे, कुणी विकतही घेत नाही.

मी कोरेगावला गेले. लेकीचं घर बाजारपेठेच्या मागं होतं. सुभेदार पडवीत खुर्चीवर बसले होते. दाढी वाढली होती. दाढी वाढलेली मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. काकी आत झोपल्या होत्या, त्यांच्या श्वासाची घरघर बाहेरपर्यंत येत होती. मी सगळं सांगितलं, सरांचं, पत्राचं, वह्यांचं.

"रद्दीत?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. मला वाटत होतं त्यांनी काहीतरी कडू बोलावं, मला चालतं करावं. मी त्याचीच वाट बघत होते.

"हितं मला काय कामच न्हाई बाई," ते म्हणाले. "सकाळी जाग येती. उठून करायचं काय?"

लेकीनं चहा आणला. मी तो प्याले. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागं घेतले. रागानं नाही. फक्त मागं घेतले. काकी जाग्या झाल्या नाहीत.

त्यानंतर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा लेकीनं उचलला आणि बाबा झोपलेत म्हणाली.

मी अजून त्याच कॉलेजात आहे. आता माझ्या हाताखाली तीन मुली पीएचडी करतात. दर वर्षी जूनमध्ये कार्यालयातून फॉर्म येतो, त्यात आपले प्रकाशित झालेले पेपर लिहायचे असतात. माझ्या यादीत तो पेपर पहिला आहे. तो काढला तर पदवीचा आधार जातो, पदवी गेली तर जागा जाते, आणि घरात कमावणारी मी एकटीच आहे. दर वर्षी मी पेन हातात घेऊन थोडा वेळ बसते. मग त्याचं नाव लिहिते, खाली सही करते आणि फॉर्म देऊन तासाला जाते.