बिगिनरला एवढं पुरे

हेमंतला एखादी गोष्ट शिकायची असली की तो आधी ती दुसऱ्याला शिकवायला घ्यायचा. हे मी कौतुकाने सांगत नाही. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून, आणि आम्ही राहतो त्या कॉन्डोच्या इमारतीत तो माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर, त्यामुळे मला सुटका कुठेच नव्हती. रविवारी त्याने रॅकेट विकत घेतली की सोमवारी तो पॅन्ट्रीत कुणाला तरी गाठून 'बॅडमिंटन सुरू करणाऱ्याने ग्रिप कशी निवडावी' हे सांगत उभा असायचा. कॉफीचं यंत्र, कॅमेरा, युकुलेले, घरी आंबवून भाजायचा पाव, सगळ्याची तीच कथा. आधी 'स्टार्टर किट' यायचं, मग त्यावर प्रवचन व्हायचं आणि शेवटी ते किट बाल्कनीतल्या कपाटात जाऊन पडायचं. किट संपलं की मेहनत सुरू होते, आणि मेहनतीचं न् हेमंतचं पहिल्यापासून वाकडं.

कुणी जरा खोलात जाऊन विचारलं की त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. एकदा मी त्याला म्हटलं, "हेमंत, तुझे संध्याकाळचे सगळे फोटो असे काळेकुट्ट का येतात रे?" त्यावर तो हात वर करून म्हणाला, "ते सगळं अॅडव्हान्स्ड आहे गं. बिगिनरला एवढं पुरे." कॅमेरा त्याचा, फोटो त्याचे, काळोख त्याचा, आणि बिगिनर मी! उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला सिंगापुरात, ऑफिसच्या पॅन्ट्रीत कळला.

पुढे त्याने वेप आणला. वेप म्हणजे सिगारेटसारखी ओढायची, पण धुराऐवजी वाफ सोडणारी बॅटरीवरची नळी. इथे ती ओढायलाच काय, जवळ बाळगायलाही बंदी आहे. एमआरटी मेट्रोत, बसस्टॉपवर, आमच्या लिफ्टच्या दाराशीसुद्धा तिच्या चित्रावर लाल काट मारलेले फलक लावलेत. सापडली तर दंड, आणि नोकरीच्या पासवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना तर पासाचीच धास्ती. हेमंतने ती फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपमधून मागवली होती.

"सिगारेट सोडायची तर सुरुवात योग्य झाली पाहिजे," तो मला दबक्या आवाजात म्हणाला.

"पण तू सिगारेट ओढलीस कधी?"

"छे, कधीच नाही."

"मग सोडणार काय, कपाळ?"

"अगं, म्हणूनच तर. सोडायची वेळच येऊ नये."

नोकरी जाऊ शकते याची आठवण करून दिली, तर म्हणाला, "म्हणूनच बिगिनरने छोटं मॉडेल घ्यायचं. मुठीत मावतं." पुढच्या आठवड्यात मीटिंग रूममध्ये त्याने आमच्या टीममधल्या दोघांना बसवलं आणि व्हाइटबोर्डवर आकृती काढली. खाली बॅटरी, मध्ये तापणारी तार, तारेभोवती कापूस, वर रस भरायची कुपी. नवशिक्याने मोठ्या यंत्राच्या नादी लागू नये, कुपी काठोकाठ भरू नये, कापूस मुरायच्या आत ओढू नये, झुरका सावकाश घ्यावा, असं त्याचं निरूपण चाललं होतं. तेवढ्यात आमची चिनी मॅनेजर दार उघडून आत आली. बोर्डाकडे बघून तिने हे काय म्हणून विचारलं, तर हेमंत पापणीही न लववता म्हणाला, "सर्व्हर कूलिंग." ती बिचारी मान डोलावून गेली, आणि हा विजयी मुद्रेने आमच्याकडे बघत राहिला. खोटं बोलणं ही एकच कला त्याला स्टार्टर किटशिवाय येत होती.

त्याचा स्वतःचा पहिला झुरका मी पाहिलेला आहे. कॉन्डोच्या जिन्यात मी कचरा टाकायला गेले होते. हा भिंतीकडे तोंड करून, शहाळ्यात स्ट्रॉ घालून ओढावं तसा ती नळी ओढत होता. सगळा रस तोंडात आला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्या अवस्थेतही मला बघून म्हणतो कसा, "बघितलंस? ही बिगिनरची कॉमन चूक."

वासाची निवडही त्याने अशीच अभ्यासपूर्वक केली होती. पुदिना चीप वाटतो, तंबाखूचा वास पकडला जातो, म्हणून त्याने घेतला आंबा. लिफ्टमध्ये कुणाला वाटेल, कुणीतरी मिठाई खाल्ली असेल. चिनी, मलय, तमिळ शेजाऱ्यांना तसं वाटलंही असेल. आपली आई रत्नागिरीची आहे आणि ती दिवाळीला इथे येणार आहे, एवढं मात्र त्या विद्वानाच्या अभ्यासातून निसटलं.

हेमंतच्या आई, म्हणजे आमच्या काकू, दरवर्षी यायच्या ते नातीसाठी. सई सहा वर्षांची. सूनबाईंचं ऑफिस दूर पाया लेबार भागात, घरी यायला उशीर, म्हणून काकू असल्या की सईचं सगळं त्याच बघायच्या. त्या मराठीत गोष्ट सांगायच्या आणि ती इथल्या 'आह'-'लाह' लावलेल्या इंग्रजीत शंका काढायची. दोघींचं उत्तम चालायचं. वर्षातले दहा महिने काकू रत्नागिरीत एकट्या राहायच्या आणि उरलेल्या दोन महिन्यांची वाट बघायच्या. काका दम्याने गेले होते. शेवटची कित्येक वर्षं काकूंनी त्यांना बसवून, पाठ चोळून, वाफारे देऊन जगवलं होतं.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकू खाली माझ्याकडे आल्या. चहा पुढे केला तरी हात लावेनात.

"अगं, ऑफिसात हेमंतला धाप लागते का गं?"

"नाही हो. का?"

"काल न्हाणीघरात हापूसचा वास. म्हटलं, कार्तिकात आंबा कुठून आला? विचारलं तर आधी काही नाही म्हणाला. मग म्हणाला, आई, मला दमा झालाय, पंप घेतो, इथले पंप वासाचे असतात." काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "ह्यांचंही असंच सुरू झालं होतं, याच वयात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाच्या आजाराचं सोंग घेऊन आईला फसवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्याच संध्याकाळी मी हेमंतला लिफ्टपाशी गाठलं, बंदीच्या फलकासमोरच.

"लाज नाही वाटत? त्या बाई देवापुढे बसून आहेत तिकडे!"

"अगं, आईला टेक्निकल डिटेल्स कशाला द्यायचे? बिगिनरला एवढं पुरे."

"तू सांगतोस का मी सांगू?"

"सांगतो ना. रविवारी जोहोरहून आलो की सांगतो. प्रॉमिस."

रविवारी पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरला देवळात जायचं काकूंच्या मनात होतं. सूनबाईंना काम निघालं, म्हणून काकूंच्या सोबतीला मी गेले. दर्शन झालं, जेवण झालं, सईला फुगा घेऊन झाला. काकू प्रत्येक देवापुढे जरा जास्तच वेळ हात जोडून उभ्या राहत होत्या, आणि कशासाठी ते मला ठाऊक असल्याने माझा जीव तुटत होता. हेमंत मात्र पुजाऱ्यांना 'नवख्या भक्तांसाठी' आरतीच्या वेळांचं अॅप कसं करता येईल हे सांगत होता.

परतताना वुडलँड्सच्या सीमानाक्यावर रांग होती. बॅगा पट्ट्यावरून यंत्रात जाताना दिसू लागल्या, तसा हेमंत खिसा चाचपत मागे सरकला. मी सईला घेऊन दोन पावलं पुढे होते. मागून त्याचा आवाज आला, "आई, हा पंप जरा तुझ्या पर्समध्ये ठेव. माझी बॅग भरलीय." मी मान वळवेपर्यंत काकूंनी पर्सची चेन लावलीसुद्धा होती.

पट्टा थांबला. तरुण ऑफिसर, बहुधा मलय, अगदी सभ्य. त्याने पर्स उघडून ती नळी बाहेर काढली आणि ही कुणाची म्हणून विचारलं. काकूंचं इंग्रजी बेताचंच. त्या हेमंतकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माय सन. अस्थमा. पंप."

ऑफिसर हेमंतकडे वळला. "सर, हे तुमचं आहे का?"

हेमंतने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग सईकडे, मग जमिनीकडे. आणि सर्व्हर कूलिंगच्याच आवाजात म्हणाला, "नो, नो. मला अस्थमा वगैरे नाही. शी इज ओल्ड. गोंधळते. कुणीतरी दिलं असेल तिला."

मी तोंड उघडलं. उघडलं एवढंच, कारण काकूंनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. "तू काही बोलू नकोस," त्या मराठीत म्हणाल्या. त्यांचा चेहरा शांत होता. त्यांना आतल्या खोलीत नेलं. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा हातात दंडाचा कागद होता. कुठल्याही सरकारने गुन्हेगार म्हणावं असं काही त्या उभ्या जन्मात वागल्या नव्हत्या. ऑफिसरने मला बाजूला घेऊन समजावलं, नोंद झाली आहे, पुढच्या खेपेला यांना देशात प्रवेश मिळेलच असं सांगता येत नाही. मी ते हेमंतला सांगितलं. तो म्हणाला, "बघू. अपील वगैरे असतं. मी वाचून काढतो."

बसमध्ये सईने विचारलं, "आजी, पोलीस स्कोल्ड यू, आह? व्हाय?"

"चुकून दुसऱ्याची वस्तू माझ्याकडे राहिली, बाळा," काकू म्हणाल्या.

मी त्या दिवसापासून हेमंतशी कामापुरतंही नीट बोलले नाही. रागाला निदान समोर माणूस लागतो. इथे तोही नव्हता. वेप अर्थात सुटला. नाक्यावर जप्त झाल्यामुळे बाल्कनीतल्या कपाटात जाऊन पडायलासुद्धा तो उरला नव्हता. महिनाभराने काकूंचं परतीचं विमान होतं, आणि त्यांनी बोलावलं म्हणून मी चांगी विमानतळावर गेले. सामान जमा झालं. हेमंत "एक महत्त्वाची गोष्ट राहिली" म्हणत सईला घेऊन दुकानात शिरला. काकू आणि मी बाकावर बसलो. त्यांना सांगून टाकावं असं मी ठरवूनच आले होते.

"काकू, हेमंतला दमा नाहीये."

"ठाऊक आहे गं." त्यांनी चष्मा पुसला. "दम्याच्या माणसाच्या उशाशी माझा जन्म गेला. पंपाला आंब्याचा वास नसतो. पहिल्या दिवशी घाबरले, खोटं कशाला सांगू. मग सईकडून लिफ्टपाशी लावलेला तो फलक वाचून घेतला. चित्र बघितलं. कळलं."

"मग देवळात एवढा वेळ..."

"दम्यासाठी नव्हतं मागत मी."

"आणि पर्समध्ये घेतलंत कशाला?"

"त्याने दिलं, मी घेतलं. वाटलं, आईच्या पर्समध्ये टाकताना तरी हात आखडेल. नाही आखडला."

"त्या ऑफिसरला तरी खरं सांगायचं होतं, काकू!"

"खरं त्याने सांगायचं होतं. मी पंप म्हटलं ते त्याच्यासाठी. वाटलं, आता म्हणेल, 'नाही, आई, माझंच आहे ते.' एवढं एक वाक्य. त्याला बोलायला जागा करून दिली होती गं मी." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ह्यांना श्वास पुरायचा नाही, तरी एक शब्द खोटा बोलले नाहीत कधी."

तेवढ्यात हेमंत आला. हातात मानेभोवती घालायची उशी. चेहऱ्यावर तोच जुना उत्साह, जणू मधे काही घडलंच नव्हतं. "आई, ही बघ. पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी हीच बेस्ट. हवा भरायची भानगड नाही. बटण पुढे येऊ द्यायचं नाही, मागे ठेवायचं, आणि मान अशी टेकायची." त्याने स्वतःच्या गळ्यात घालून दाखवली, मग काकूंच्या गळ्यात घातली. "बस. बिगिनरला एवढं पुरे."

काकूंनी ती मुकाट्याने घालू दिली. नऊवारी नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकवाच्या जागी बुक्क्याचा बारीक ठिपका लावलेली ती बाई गळ्यात जांभळी उशी घेऊन उभी राहिली. मला त्या माणसाची किळस आली. आजही त्याचं नाव काढलं की तीच येते.

सई आजीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आजी, नेक्स्ट टाइम रिअल मँगो आण, लाह. पप्पाचा फेक होता."

काकूंनी मान वर करून हेमंतकडे बघितलं. पुन्हा एकदा त्याला जागा करून दिली. किती वेळ दिला म्हणून सांगू.

तो उशीवरचं किमतीचं लेबल नखाने खरवडत होता.

"आणीन हो, बाळा," काकू म्हणाल्या, आणि दारातून आत गेल्या.