सतरंजीपुरती जागा

दादाचा फोन आला तेव्हा मी चिक्कडपल्लीच्या घरी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच. "वहिनी गेली रे तुझी," एवढंच तो म्हणाला आणि फोन धरून उभा राहिला. मीही तसाच उभा... कुणीच ठेवेना. वीसएक वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईच्या घरचे आम्ही दोघं, आम्हाला एक वाक्य पुढं सुचत नव्हतं.

तेराव्याला जेवून हात पुसता पुसता एक नातलग म्हणाले, "इतका योगा करायच्या, शेवटी काय उपयोग झाला?" तिथं मी गप्प बसलो, दादासमोर तमाशा नको म्हणून. आता दीड महिना होऊन गेलाय. आता बोलतो.

सुमनवहिनींनी आसनं सुरू केली ती पाठदुखीपायी. कानाला हेडफोन लावून आठ-आठ तास त्या उंच स्टुलावर बसायचं म्हणजे कंबरेचे टाके ढिले. एका मैत्रिणीनं चार आसनं शिकवली आणि त्यांच्या बरकतपुऱ्याच्या घराच्या पुढच्या खोलीत, दार आणि कपाट यांच्या मधे, रोज पहाटे निळी सतरंजी पडू लागली. एक कोपरा इस्त्रीनं जळालेला. घड्याळ त्यांनी कधी लावलं नाही. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधेच येऊन विचारायची, 'थ्री मिनिट्स ओव्हर, एक्सटेंड करू?' हे विचारून विचारून ती तीन मिनिटं वहिनींच्या हाडात मुरली होती. प्रत्येक आसन एका कॉलइतकं. मी मुद्दाम घड्याळ धरून बसायचो, तर खाली डोकं वर पाय अशा अवस्थेतून त्या म्हणायच्या, "भावजी, तुमचं घड्याळ मागं पडलंय, दुरुस्तीला टाका."

मग गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले. एक्स्चेंजमधले कॉल जोडायचे बोर्ड निघाले आणि वहिनींना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. लोक येऊन भांडायचे, या ऐकायच्या. त्याच वर्षी दादानं रंगीत टीव्ही आणला, आणि टीव्हीसमोर बसायला सोफा. तो बरोबर सतरंजीच्या जागेवर बसला. सतरंजी माळ्यावर गेली, त्यांच्या कंबरेला पट्टा आला, स्वभावाला धार आली. बाईमाणसाची घरातली जागा अशीच जाते, एका शब्दाचं भांडण न होता. आणि खरं सांगायचं तर त्या सोफ्यावर पाय पसरून मॅच बघणाऱ्यांत मीही होतो.

दोनेक वर्षं अशी गेली. एका रविवारी सकाळी लवकर मी त्यांच्याकडे गेलो, कारण त्या दिवशी पुतणीला, मृणालला, बघायला पुण्याहून पाहुणे यायचे होते. मुलगा सॉफ्टवेअरमधला. बघतो तर वहिनी जुना पंजाबी ड्रेस घालून सोफा एकट्या ओढताहेत. "भावजी, धरा त्या बाजूनं." दादा तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. "अगं, आज पाहुणे आहेत."

"हौ, माहीत आहे. दहाला येणार. तोवर मला माझी जागा पाहिजे."

"आजच कशाला परेशान करतेस?"

"मग कधी? उद्या तुम्ही फ्रीज आणाल."

सोफा दारातून आडवा करून आम्ही व्हरांड्यात काढला. वरच्या मजल्यावरून शेजारीण तेलुगूत काय झालं म्हणून विचारत होती, "एमैंदी अक्का?" वहिनी म्हणाल्या, "कुछ नै अम्मा, सफाई चल री."

दोन वर्षांच्या खंडानं अंग वाकेना. त्यांनी परत परत करून बघितलं, त्यात उशीर झाला, आणि पाहुणे आधी लॉजवर न जाता स्टेशनवरून थेट घरीच आले. व्हरांड्यातच सोफा, तिथंच बसले. आत वहिनी सर्वांगासनात, पाय थरथरताहेत. दादा कानाशी वाकून म्हणाला, "ऊठ, मंडळी आली." त्या म्हणाल्या, "तीन मिनिटं." ती त्यांनी पुरी केली. मग शवासनही केलं.

स्थळ हुकलं. सगळ्या भावकीनं वहिनींना धारेवर धरलं. त्यांनी एकदाच उत्तर दिलं, "ज्यांना तीन मिनिटं थांबता येत नाही, त्यांच्या घरात माझी पोरगी कशाला द्यायची?" मृणालचं पुढं छान झालं, पण त्यामुळं वहिनी बरोबर ठरतात असं मी म्हणणार नाही. त्या त्या दिवशीच बरोबर होत्या.

सोफा आत आला नाही. दादा महिनाभर धुमसला, मग व्हरांड्यात बसून पेपर वाचू लागला. पुढची चार वर्षं वहिनींनी एक दिवस चुकवला नाही. पोटाचा आजार निघाल्यावर आसनं एकेक करून सुटली, शेवटी नुसतं सतरंजीवर पडून श्वास घेणं उरलं, तेही त्यांनी केलं. तर उपयोग काय झाला? मरण टळतं असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलंही नव्हतं. स्वतःच्या घरात साडेसहा फूट जागा त्यांनी परत घेतली आणि मरेपर्यंत सोडली नाही. ज्यांना हे कमी वाटतं त्यांनी आपल्या घरी एक सोफा हलवून बघावा.

समाचाराला येणाऱ्यांसाठी कुणीतरी तो सोफा पुन्हा आत आणून ठेवला होता. परवा सकाळी गेलो तर दादा एकटाच त्याला रेटत होता. "बघत काय राहिलास, धर की." आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी धापा टाकत तो दाराबाहेर काढला. दादानं माळ्यावरून नव्हे, उशाखालून सतरंजी काढली, अंथरली, आणि गुडघे काही करू देत नाहीत म्हणून नुसता आडवा झाला. मी कपाटाला टेकून घड्याळ बघत बसलो, जुन्या सवयीनं.

"दादा, तीन मिनिटं झाली."

त्यानं डोळे उघडले नाहीत. म्हणाला, "एक्सटेंड कर."