चाकाला ऊन लागेपर्यंत

सुमावहिनींचा फोन आला तेव्हा मी विनूशी मनातल्या मनात भांडत होतो. आठवड्यापूर्वीच त्याच्या बागेत आमचं चांगलंच वाजलं होतं आणि आता फोन करून त्याला काय काय सुनवायचं याची मी तयारी करत बसलो होतो. "भाऊजी, हे गेले," वहिनी म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे?" एवढा मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेल. झोपेतच गेला म्हणे. ना कुणाला त्रास, ना कुणाला पत्ता. आणि आमचं भांडण तसंच राहिलं.

भांडण होतं गाडीवरून. पण आधी विनूबद्दल सांगायला हवं. मंडणगडच्या अलीकडे एका गावात त्याची हापूसची बाग. त्याआधी वर्षानुवर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळे बागायतदार झाला तरी खिशातला खडू काही सुटला नाही. मी अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या वर्कशॉपात नोकरी केली. दोघं शाळेपासूनचे दोस्त. विनूला एकच खोड, कशातही 'का?' म्हणून शिरायचं. एकदा हर्णेला संध्याकाळच्या लिलावाला गेलो. वहिनींनी सुरमई आणायला सांगितलेली. विनू लिलाव पुकारणाऱ्या बाईला विचारत बसला, पापलेटचा वाटा आधी का पुकारता, सुरमई मागाहून का? त्या बाईलाही रंग चढला, तिने बैजवार समजावलं आणि तोवर सगळी सुरमई उठली. आम्ही सुके बोंबील घेऊन घरी. वहिनींनी पिशवीत डोकावून बघितलं आणि माझ्याकडे वळल्या, "भाऊजी, तुम्ही तरी?" शेजाऱ्याचा मिक्सर असो, देवळातला यंत्रावर वाजणारा ढोल असो, बिघडला की विनू तो उघडणारच. दुरुस्त झाला नाही तरी का बिघडला ते सांगणारच, आणि तेही गावभर.

अशा माणसाकडे एक जुनी पिकअप होती, चारही चाकांनी ओढणारी. त्याची बाग डोंगराच्या अंगावर. वरच्या मांगरापर्यंत, अवजारं ठेवायच्या खोपटापर्यंत, जायची घाटी म्हणजे जांभ्याची नुसती सुटी खडी. पाण्याची टाकी लादून वर जायचं तर पुढची चाकं ओढायलाच हवीत. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. पुढची जोडायची तर आतली छोटी दांडी टाकायची, आणि खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली चकती हाताने फिरवायची. चकती फिरली की आतलं एक दातेरी कडं सरकतं आणि चाक आसाला बांधलं जातं. ही उतरून फिरवायची कामगिरी पहिल्यापासून वहिनींची. विनू स्टिअरिंग धरून बसायचा आणि ओरडायचा, "फिरवलीस का गो?"

गेले काही हिवाळे या गाडीने एक गंमत आरंभली होती. मोहोरावरच्या फवारणीच्या दिवसांत, सकाळी, दांडी पडायची, चकत्या फिरायच्या, आणि पुढची चाकं मख्ख. मागची आपली खडी उडवत जागच्या जागी. ऊन चांगलं वर आलं की तीच गाडी सुतासारखी सरळ वर! आंब्याच्या हंगामात, चैत्र-वैशाखात, कधीही तक्रार नाही. मी म्हटलं, गिअरबॉक्स गेला. विनू म्हणाला, "शरद्या, मेल्या, गिअरबॉक्सला सकाळ-दुपार कळते का?" त्याने गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर खडूने रेघ मारली, मला कोवळ्या उन्हाआधी गारठ्यात गाडीशेजारी पालथं पाडलं आणि दांडी टाकून गाडी हळूहळू पुढे घेतली. रेघ फिरत होती. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष, शाफ्ट निर्दोष. दोष चाकाशी, त्या चकतीच्या आत. मला मनापासून आनंद झाला, कारण शोध जवळजवळ लागलाच होता. "आता उघडू या," मी म्हटलं. विनू म्हणाला, "बघू रे."

हे 'बघू रे' तीन हिवाळे चाललं. शेवटच्या भेटीत मी पाने-पकड घेऊनच गेलो होतो. सकाळी तिघं घाटीच्या तोंडाशी पोचलो, गाडी नेहमीप्रमाणे अडली. मी खाली उतरून चकतीच्या बोल्टांना हात घातला तर हा चक्क ओरडला, "हात लावू नको! ऊन येऊ दे चाकावर, आपोआप लागतं." मी म्हटलं, का लागतं? तर म्हणाला, "असेल काहीतरी." असेल काहीतरी! हे विनूच्या तोंडचं वाक्य? वहिनी थर्मासमधला चहा ओतत पुटपुटत होत्या, घरी दळण पडलंय, कामवाली येऊन उभी असेल. विनू आपला दगडावर बसून मजेत. मी संतापलो. म्हातारा झालास, डोकं चालेनासं झालं तुझं, असंही बोललो. तो हसला नुसता. "चहा घे, निवतोय," म्हणाला... त्याचं मला उद्देशून हेच शेवटचं वाक्य.

तेरावं झालं. मुलगा निखिल मुंबईला नोकरीत. चांगला आहे पोरगा, पण व्यवहारी. त्याचं म्हणणं, बाग कराराने देऊन टाकू, गाडी भंगारात, आणि आईने मुंबईला यावं. वहिनी म्हणाल्या, "मी नाही यायची. फवारणी मी करून घेईन. गडी आहेत, गाडी आहे." निखिल म्हणाला, "आई, ती गाडी सकाळची चढतसुद्धा नाही. उद्या सकाळी तिने चढून दाखवलं तर ठेवू. नाहीतर तू माझं ऐकायचं." आणि दुसऱ्या दिवशी गाडी अर्थातच अडली. वहिनी दोन्ही चकत्या फिरवून तशाच वाकून उभ्या राहिल्या, चाकावर हात ठेवून. निखिल हळूच म्हणाला, "बघितलंस ना?" वहिनींचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "निखिल, मला आजचा दिवस दे. तुझ्या बापाने मला उघडू दिलं नाही, आता मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही."

गाडी कशीबशी अंगणात आणली. वहिनी शेजारी पाट घेऊन बसल्या. बोल्ट काढले, चकतीचं झाकण ओढलं, आणि आत पांढुरकं, घट्ट, मेणासारखं काहीतरी थापलेलं. ते कडं त्यात पार रुतून बसलेलं! चकती फिरत होती, स्प्रिंग ढकलत होती, पण कडं सरकणार कसं? मी बोटावर घेऊन वास घेतला. "वहिनी, हे मुठेल आहे!" कोकमाच्या बियांचं तेल, गोळा वळून ठेवलेलं, आमच्याकडे भेगाळलेल्या टाचांपासून कुरकुरणाऱ्या बिजागरीपर्यंत सगळ्याला तेच. थंडीत दगड, उन्हात पाणी. वहिनी गोंधळून म्हणाल्या, "ते मीच चोळते की दर वर्षी. चकती फिरवताना बोटं दुखतात माझी. वैशाखात लावलं की आत छान मुरतं... ह्यांना सांगितलं होतं मी. म्हणाले, लाव, लाव, त्यानेच चालते गाडी!"

मी झाकण उलटं केलं. कडेला फट राहू नये म्हणून पुठ्ठ्याची चकती बसवलेली होती, कात्रीने नीट गोल कापलेली. आमच्या विनूचंच काम ते. पुठ्ठा त्याच्या आंब्याच्या खोक्याचा, जुन्या छपाईचा. तीन हंगामांपूर्वी त्याने खोके बदलले होते. म्हणजे तेव्हाच त्याने हे उघडलं होतं. मुठेल बघितलं होतं. आणि नवा पुठ्ठा घालून, मुठेल तसंच ठेवून, पुन्हा बंद केलं होतं. ज्याने आयुष्यात एकही शोध पोटात ठेवला नाही, त्या माणसाने!

"ह्यांना ठाऊक होतं?" वहिनींनी विचारलं. आधी त्या रागावल्या. "तीन वर्षं मला त्या दगडावर ताटकळत ठेवलं! कामं खोळंबायची, मी बडबडायचे, आणि हे आपले म्हणायचे, बस गो, दिवसभरात तू बसतेस कधी..." आणि तिथेच त्या थांबल्या. पदराचं टोक तोंडात धरून रडू लागल्या. मलाही रडू आलं, त्यात लपवायचं काय? मी त्याला डोकं चालत नाही म्हणालो होतो.

रॉकेलने दोन्ही बाजू धुऊन काढल्या, ग्रीस भरलं. नवा पुठ्ठा कापायला निघालो तर वहिनी म्हणाल्या, "चांगला आहे, तोच बसवा."

सकाळी निखिल चालवायला बसला. चकत्या वहिनींनीच फिरवल्या. घाटी अजून सावलीत होती, आणि गाडी भरल्या टाकीसकट न कुरकुरता वर गेली. मांगरापाशी टाकी रिकामी करताना निखिल एवढंच म्हणाला, "राहू दे गाडी, आई." खाली येऊन दुसरी टाकी भरली, पुन्हा घाटीच्या तोंडाशी आलो तेव्हाही चाकांवर ऊन आलं नव्हतं. वहिनी उतरल्या, दोन्ही चकत्या फिरवल्या, पण परत गाडीत चढल्या नाहीत. "इंजिन बंद कर," म्हणाल्या.

"का? आता लागतंय की!" निखिल म्हणाला.

वहिनी दगडावर जाऊन बसल्या आणि थर्मासचं झाकण फिरवू लागल्या. "माहित्येय मला. ऊन येऊ दे चाकावर."