होबर्टचं पिकलेलं पीक

केंटकीतल्या त्या डोंगरपट्ट्यात होबर्ट स्कॅग्जच्या तोडीची तंबाखू कोणी पिकवत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवी. पान पिवळं पडल्याशिवाय कापणी नाही, हे त्याचं बायबल. पोटच्या पोराने, क्लेटसने, मक्याच्या ताटांआड गांजा लावला तेव्हा शेरीफला फोन यानेच केला. त्याचीही फुशारकी मारायचा.

पुढे तंबाखूला गिऱ्हाईक उरलं नाही. म्हाताऱ्याने सीबीडी नावाच्या औषधी तेलासाठी हेम्प, म्हणजे कमी नशेची भांग, लावला. झाड गांजाचंच, वासही तोच. नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत असेल तर कायद्याला ते चालतं, वर गेला की तोच गांजा; म्हणून कापणीआधी सरकारी तपासनीस नमुना तपासतो. त्याच उन्हाळ्यात क्लेटस पॅरोलवर घरी आला. गांजाशी संबंध दिसला तर परत आत, ही अट.

सप्टेंबरात तुरे भरले तसा तो बापामागे लागला.

"बाबा, तपासनिसाला बोलवा आणि कापून टाका. हे जितकं पिकेल तितकी नशा वाढते."

"तुरुंगात शेतकी कॉलेज काढलंय वाटतं?"

"तंबाखू नाही हो ही!"

"गांजेकसाकडून शेती शिकायची वेळ अजून आली नाही माझ्यावर."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पीक उभंच राहिलं. होबर्ट शेजाऱ्यांना बोलावून पिवळी पानं दाखवत राहिला. तपासनिसाला त्याने उशिरा बोलावलं. नमुन्यात नशा इतकी निघाली की चुकून झालं म्हणून सोडणं शक्य नव्हतं.

तपासनीस पोलिसाला घेऊनच आला. "इतके दिवस थांबायचं कोणी ठरवलं?"

कुंपणाला रेलून सगळे शेजारी ऐकत होते. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या चारचौघांत होबर्ट स्कॅग्जला पीक कळलं नाही असं कसं होणार? त्या हलकट म्हाताऱ्याने हनुवटीने पोराकडे दाखवलं.

"हा म्हणाला, थांबा. या झाडातलं घरात त्यालाच कळतं."

क्लेटसवर विश्वास ठेवणार कोण? त्याने बेड्यांसाठी हात पुढे केले.

"मागच्या वेळी निदान फोन तरी करावा लागला होता तुम्हाला," तो बापाला म्हणाला.

गाडी गेली. मग तपासनिसाच्या हुकमाने ट्रॅक्टर पीक मातीत गाडू लागला. होबर्टने वाकून एक पान उचललं, उन्हात धरलं आणि शेजाऱ्यांकडे वळला.

"पण पिकलं कसं, बघा!"