रंभेचा खून आणि रखमाजी अर्जनवीस

रखमाजी अर्जनवीस इतका मिळमिळीत माणूस, की त्याची काही भानगड असेल असं त्याच्या शत्रूलाही वाटलं नसतं. आणि त्याला शत्रू तरी कुठून असणार? तालुक्याच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली सतरंजी टाकून तो लोकांचे अर्ज लिहायचा. निजामाचा कारभार, म्हणून अर्ज उर्दूत, मागं फिर्यादीची मराठी जबानी, आणि दोन्ही कागद बाभळीच्या काट्यानं टाचलेले.

पण हाच रखमाजी पुण्याच्या एका मासिकात 'सौ. चतुराबाई' या नावानं कादंबरी लिहीत होता. ओसाड हवेली, कुलूपबंद खोली, तळघरातून येणारे उसासे, आणि दर प्रकरणात दोनदा मूर्च्छा येणारी रंभा. मासिकाचं पाकीट टपालात टाकायला तो दाढ उपटायच्या निमित्तानं परतूरला जायचा. पाच वर्षांत गावाच्या हिशेबानं त्याच्या अठ्ठावीस दाढा पडल्या होत्या, तरी तो हरभरे खात होता. दिवाळीला संपादक चतुराबाईंना परतूरच्या टपालानं लुगडं पाठवी, ते मुकाट्यानं त्याच्या बायकोच्या, सगुणाबाईच्या, अंगावर जाई.

सगुणाबाईला वाचता येत नव्हतं. शेजारची दुर्गाबाई दुपारी मासिक वाचून दाखवायची आणि ही पदरानं डोळे पुसायची. "बाई असावी तर चतुराबाईसारखी," ती नवऱ्याला ऐकवायची. "न्हाईतर तुम्ही. इतके वर्सं लिहून राह्यले, एकाच्या तरी डोळ्यात पाणी आणलं का?"

रखमाजीला तेव्हा सगळं ओरडून सांगावंसं वाटे. बायकोनं एकदा, फक्त एकदा, आपल्याकडं तसं बघावं, एवढीच त्या बापड्याची हौस. पण बाईच्या नावानं उसासे टाकणारा पुरुष म्हणून गाव हसलं असतं, म्हणून तो गप्प बसे.

निजामी फसली १३४५ सालच्या उन्हाळ्यात घोटाळा झाला. कडूबा नावाच्या शेतकऱ्यानं विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा अर्ज लिहून घेतला आणि घाईत त्याच्या जबानीऐवजी कादंबरीचं नवंकोरं प्रकरण काट्याला लागलं. त्यात दिरानं रंभेला विहिरीत ढकललं होतं. तहसीलदाराच्या हाताखालचे पेशकार फकरोद्दीनसाहेब, त्यांचा कागदावर फार विश्वास. विहीर अर्जात होती, विहीर जबानीतही होती. त्यांनी जमादार धाडला. कडूबाच्या विहिरीवर दोन मोटा जुंपल्या, दोन दिवस उपसा झाला, आणि एक चेपलेली कळशी अन् तीन बेडूक निघाले. कडूबा रडकुंडीला आला. त्याला सख्खा भाऊच नव्हता, मग तो कुणाचा दीर होणार?

तिसऱ्या दिवशी कचेरीत ते प्रकरण मोठ्यानं वाचलं गेलं. नवऱ्याची भाकरी घेऊन आलेली सगुणाबाई दारात थिजून ऐकत होती.

"ये जबानी किसकी है जी?" फकरोद्दीनसाहेब रखमाजीवर गरजले. "नीचे चतुराबाई लिखेला है. उस औरत कू हाजिर करो, नै तो तुम्हारी सनद गई समझो!"

सगुणाबाई तरातरा आत घुसली. "त्या माउलीला कचेरीत ओढायचं न्हाई! चतुराबाई खोटं लिहायची न्हाई!"

रखमाजीनं बायकोकडं बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, चतुराबाई मीच हाय. रंभा बी माझ्याच मनातली. खून झालाच न्हाई."

जमादारापासून शिपायापर्यंत सगळी कचेरी हसून लोळली. अर्ज लिहायची सनद बचावली. जाता जाता साहेबांनी त्याला बाजूला घेऊन तळघरात नेमकं कोण आहे, तेही हळूच विचारून घेतलं.

भाकरीचं टोपलं घेऊन सगुणाबाई पुढं घरी निघाली, रखमाजी मागं. चुलीपाशी आल्यावर तिनं वळून बघितलं, तर तिचे डोळे खरोखरच भरलेले. रखमाजीचा ऊर भरून आला.

"खरंच तुम्ही चतुराबाई?"

"हो."

"म्हंजे रंभेला इहिरीत तुम्ही ढकललं?"

"मी कुठं? दिरानं..."

"दीर कोनं लिहिला?" तिनं भाकरीचं टोपलं उचलून आपल्या पाठीमागं ठेवलं. "आधी तिला वर काढा. जिती. मंग जेवायला बसा."