न डोलणारा सूर

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला गल्लीने कवळीकाका म्हणावं, यात गल्लीला डोकं फारसं चालवावं लागलं नाही. दिवसभर लॅबमध्ये बसून दुसऱ्यांचे दात घडवायचे आणि किर्र करणाऱ्या बारीक मशीनने ते घासायचे, हा काकांचा धंदा. जीव मात्र धंद्यात नव्हता. तो होता घरातल्या मागच्या खोलीत, सिंथेसायझरमध्ये.

आता सिंथेसायझर म्हटलं की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पेटी डोळ्यांपुढे आणू नका. काकांचं यंत्र म्हणजे कपाटाएवढी लाकडी चौकट, तिच्यात नॉब आणि भोकं असलेले धातूचे तुकडे, आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींचं जंजाळ. एक तुकडा सूर काढणार, दुसरा तो गाळणार, तिसरा लांबवणार. वायर खोचली नाही तर यंत्र ढिम्म. निम्मे तुकडे भंगारातून आणून काकांनी स्वतः दुरुस्त केलेले. काकू त्याला टेलिफोन एक्स्चेंज म्हणायच्या. "एवढ्या वर्षांत एकदा तरी कुणाला फोन लागला का?" असं विचारत चहाचा कप दारातच धरून उभ्या राहायच्या, कारण आत कप टेकवायला जागा नसे.

एका रविवारी सकाळी यंत्र बंद होतं आणि तरीही काकांना शिट्टी ऐकू आली. बारीक, उंच, एकसारखी. काका खूशच झाले म्हणायचे. अशा यंत्रवेड्या मंडळींना बिघाड सापडला की मेजवानी वाटते. त्यांनी यंत्राचा वीजपुरवठ्याचा भाग उघडला, जुने कपॅसिटर बदलले, सगळं परत बसवलं. शिट्टी होतीच. मग फ्रिजचा प्लग काढला. मग पंखे. शेवटी मेन स्विचच पाडला, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून मिक्सरचं भांडं हातात घेऊनच आल्या.

"आता काय उपद्व्याप?"

"शिट्टी ऐकू येत नाही तुला?"

"कसली शिट्टी?"

"ही काय, वाजतेय ना. तू आधी कान तपासून घे."

"माझे कान ठणठणीत आहेत. काल माझ्या भावाबद्दल काय पुटपुटलात तेही ऐकलंय मी," असं म्हणून काकूंनी मेन स्विच वर केला आणि त्या निघून गेल्या.

शेजाऱ्यांकडचंच काहीतरी असणार, काकांनी ठरवून टाकलं. ते सिद्ध करायची एक रीत त्यांच्या हाताशी होती. जुने सिंथेसायझर तापले की त्यांचे सूर सरकतात, म्हणून दोन सूर जुळवावे लागतात. दोन्ही एकदम वाजवायचे. जवळपास असले पण एक नसले, तर आवाज डोलायला लागतो, वांव-वांव-वांव असा. नॉब फिरवत जवळ गेलं की डोलणं मंदावतं, आणि पुरतं जुळलं की थांबतं. हवेतल्या कुठल्याही दोन सुरांचं हे असंच होतं. काकांनी आयुष्यभर याच डोलण्यावर विसंबून कपाट सुरात ठेवलं होतं.

त्यांनी यंत्राचा सूर चढवत चढवत शिट्टीच्या अगदी शेजारी नेला आणि थांबले. डोलणं नाही. केसभर वर नेला. केसभर खाली आणला. शिट्टी तिथेच, सूर इथेच, दोघांची एकमेकांशी ओळखच नसल्यासारखी.

शिट्टी खोलीत नव्हती. शेजाऱ्यांकडेही नव्हती. ती हवेतच नव्हती.

काका स्टुलावर बसले. काकांच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. कानात शिट्टी वाजते म्हणायचे, आणि घरातली पोरं हसायची. पुढे पुढे घरात गप्पा रंगल्या की वडील सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघायचे आणि सगळे हसले की थोडे उशिरा हसायचे. ते उशिराचं हसणं काकांना आठवलं आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

त्यानंतर काकांनी काय केलं? जे घाबरलेला माणूस करतो तेच. कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. लॅबमध्ये कानांत कापसाचे बोळे घालून दात घासू लागले, आणि बोळे घातले की शिट्टी जास्तच जवळ यायची. कानाच्या डॉक्टरांची पाटी लांबून दिसली की रस्ता बदलू लागले. डॉक्टर 'होय' म्हणाले तर? म्हणून विचारायचंच नाही. मागच्या खोलीला कडी लागली. तिथे गेलं की वाटायचं, यातला कुठला सूर आधी ऐकू येईनासा होणार?

आठवडा उलटला आणि एका संध्याकाळी काकूंनी काकांना त्या कडी लावलेल्या दारापाशी गाठलं. हातात कप नव्हता.

"एक्स्चेंज बंद का आहे?"

"कंटाळा आला."

"तुम्हाला? त्याचा?" काकूंनी कडी काढली आणि त्यांना आत ढकललं. "काय झालंय ते सांगा. मला भीती वाटायला लागलीय."

काकांना सांगता येईना. त्यांनी यंत्र चालू केलं, एक वायर खोचली, डोळे मिटले आणि नॉब फिरवत आपल्या कानातल्या शिट्टीपर्यंत सूर नेऊन उभा केला.

"हे," ते म्हणाले. "मला हे ऐकू येतं."

"एवढंच ना," काकू म्हणाल्या. मग थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांचा जबडा आवळला, आणि हात आपोआप कानांवर गेले. "बंद करा बाई ते. दात शिवशिवतात."

काकांनी वायर उपटली. काकूंनी मोठा श्वास सोडला. खोली शांत झाली होती, म्हणजे काकूंपुरती. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. ते अजून मान कलती करून तसेच उभे होते.

"अहो, थांबलं ना?"

काकांनी मान हलवली. नाही.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी दोन खोके बाजूला सारले आणि ज्या खोलीत कप टेकवायला जागा नव्हती, तिथे स्वतः बसल्या.

"उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येणार आहे बरोबर," त्या म्हणाल्या. "आता ती वायर लावा परत. मलाही ऐकू द्या."

काकांनी वायर खोचली. या वेळी काकूंनी कानांवर हात नेले नाहीत.